आपांची अकरा कार्डं

ये गं वैशाली, जवळ ये. तू समोर नाहीस हे मला कळतंय, कागदावरच बोलावतेय — पण तू शेजारी बसलीस असं धरल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आणि आधी तुला रागावून घेते. मागल्या खेपेला अर्धा चहा टाकून पळालीस. छावणीकडं जायला रिक्षा काय कमी आहेत? म्हाताऱ्या माणसाकडं यावं तर जरा टेकून बसावं, उंबऱ्यावरचं पाखरू असल्यासारखं काय करायचं?

पण खरं सांगू? तू गेलीस तेव्हा मला बरंच वाटलं. सुटले म्हणलं.

जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवरा राहिला नव्हता, मुलाला सांगायची छाती झाली नाही, आणि देवापुढं बसल्यावर हा विषय मनात आला की मी जपाची माळ भराभर ओढायचे. देवाला कळत नसेल का ते?

तू फोनवर दाखवलंस ना मला — कुणी किती लेख लिहिले, कुणाकुणासोबत लिहिले, आणि पुढं किती जणांनी आपल्या लिखाणात त्यांचा आधार घेतला. तुझ्या संशोधनाच्या सरांच्या नावापुढं केवढा मोठा आकडा! मग तू नसीमआपांचं नाव टाकलंस. लेख नऊ, तेही तूच हुडकून त्यात चढवलेले. आधार घेणारे दोन. ते दोन्ही लेख तुझेच. आणि तू विचारलंस — आजी, इतकं चांगलं लिहिणाऱ्या बाईला कुणी वाचलंच नाही का? त्यांनी मधेच लिहिणं का सोडलं?

मी चहा टाकायला उठले. आठवतं?

मी पोलीस ॲक्शनच्या सालची. शिक्षण सातवी. नवरा कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. पुस्तकं पुसायची, लावायची, काढून द्यायची. इंग्रजी अक्षरं मी पुस्तकांच्या पाठीवरनं शिकले, कुणी शिकवली नाहीत. अर्थ लागायचा नाही, पण माणसाचं नाव बरोबर वाचता यायचं.

आपा तिथं इतिहास शिकवायच्या. रोज खुलताबादहून बसनं यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पेरू आणि जुन्या कागदांच्या नकला. त्यांचे वडील निजामाच्या वेळी महसुलाच्या कचेरीत होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली आणि त्यांची फारसी घरी बसली. घरी बसलेली ती फारसी आपांनी उचलली. शहराच्या पोटातून पाण्याची नहर गेलीये, तिचे जुने कागद त्यांच्यासारखे कुणाला वाचता यायचे नाहीत. पाणी कुठं वळलं, कुठं तुंबलं, कुणी दुरुस्त केलं — कागदावरनं सांगायच्या, आणि मग पदर खोचून जागेवर जाऊन खात्री करायच्या. मला त्यांनी कधी बाई म्हणलं नाही, शिपाई तर नाहीच. कुसुम. त्यांच्या डब्यातली खट्टी डाळ माझी, माझं पिठलं त्यांचं.

तर त्या सुमाराला कॉलेजात वरच्या पदाची एक जागा निघणार असं बोलणं सुरू झालं. सगळ्या विषयांत मिळून एकच जागा. आता इतिहासवाल्या बाई आणि रसायनवाले सर एका तराजूत कसे घालायचे? मोठ्या साहेबांनी रकाने पाडले. लेख किती, किती जणांसोबत. रसायनवाल्या सरांचे ढीगभर लेख, एकेकावर पाच-पाच नावं. आपांचे नऊ, सगळे एकटीचे, आणि त्यातले तीन उर्दूत — ते धरायचे का, यावर हापिसात हसून झालेलं. पण शेवटचा एक रकाना होता. तुमच्या लिखाणाचा दुसऱ्या कुणी आधार घेतलाय का? पुरावा द्या, पान नंबर टाका. आपांचं जे काही होणार ते त्या एका रकान्यावर होणार होतं.

म्हणून आपा एक दिवस लाजत लाजत म्हणाल्या, तुझ्या हातून सगळी पुस्तकं जातात कुसुम, कुठं माझं नाव दिसलं तर बघ गं. स्वतःचं नाव स्वतः शोधत फिरायची त्यांना शरम वाटायची.

मी तीन वर्षं शोधलं. तू हसशील, पण ते अवघड नसतं. लेखाच्या शेवटी यादी असते, कुणाचं वाचून हे लिहिलं त्याची, अक्षरांच्या क्रमानं लावलेली. मधलं मला ओ की ठो कळायचं नाही, यादीवरनं बोट तर फिरवता येत होतं! आमच्याकडं बघितलं, भूगर्भवाल्यांच्या खोलीत बघितलं, इंजिनियरिंगच्या कॉलेजात माझ्या ओळखीची एक बाई होती तिच्याकडं सुट्टीत जाऊन बघितलं. नाव सापडलं की बाद झालेल्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला सगळं उतरवून ठेवायचे. अकरा सापडली. इतिहासाची चारच. बाकी जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे, इमारतीवाले, एक तर शेतकीचं. ज्यांनी आपांना कधी बघितलंही नव्हतं असली माणसं कुठं कुठं बसून त्यांचं वाचत होती. मी आपांना बोलले नाही. फॉर्म निघाला की एकदम हातात ठेवायची आणि त्यांचं तोंड बघायचं, असं ठरवलेलं.

किती चांगलं मन होतं माझं, बघ. मग काय झालं त्या मनाला?

सांगते. अजून मलाच टाळावं वाटतंय.

फॉर्म निघायच्या महिनाभर आधी आपांचा एक मोठा लेख आला. मराठीत, चांगल्या त्रैमासिकात. शेवटी आभार होते. नकाशा देणाऱ्या सरांचे आभार, आकृती काढून देणाऱ्याचे, कागद दाखवणाऱ्या एका घराचे — विहिरीत दोर सोडणाऱ्या माणसाचंसुद्धा नाव घातलेलं. माझं नव्हतं. माळ्यावरचे गठ्ठे मी उतरवले होते, धुळीनं महिनाभर खोकत होते, आणि माझं नाव नाही. पान उलटून बघितलं, उरलेलं मागं असेल म्हणून. मागं कोरं.

एवढंच. एवढ्यावरनं झालं ते. काही मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

फॉर्म द्यायच्या आदल्या दुपारी आपा आल्या. कार्डं माझ्या टेबलाच्या खणात, दोरा बांधून ठेवलेली. त्या उभ्या होत्या तिथनं हातभर लांब.

“कुसुम, कुच मिला क्या गं?”

“नाही आपा. सगळीकडं बघितलं. कुठंच नाही.”

हौ, म्हणाल्या. मग हळूच, मला नाही, स्वतःलाच — “मतलब कोई पढ़ाइच नहीं.”

खण काही अडकलेला नव्हता, वैशाली. ओढला असता तर निघाला असता. मला वाटलेलं त्या चिडतील, नीट बघ म्हणतील, मग मी जरा ताणून देऊन टाकीन — का हे मी आता रचतेय? इतक्या वर्षांनी मलाच सांगता येत नाही. त्या चिडल्या नाहीत. तू लई कष्ट घेतलेस, म्हणाल्या, जेवलीस का?

जागा रसायनवाल्या सरांना मिळाली. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. आणि कार्डं देऊनही ती त्यांनाच मिळाली असती कदाचित — हे मी मनाला किती वेळा सांगितलंय! पण जागेचं जाऊ दे. आपांनी पुढं एक ओळ लिहिली नाही, त्याचं काय? नहरीवरचं पुस्तक अर्धं झालेलं होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, कुणासाठी? त्यानंतर पिशवीत नुसते पेरू यायला लागले.

निकालानंतर आठवड्यानं मी कार्डं घरी नेली आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. कुणाच्या हाती लागतील ही भीती. पुठ्ठा जाड, लवकर पेटेना. मी पाणी तापेपर्यंत तिथंच बसून राहिले. त्या पाण्यानं आंघोळही केली.

दहा वर्षांनी आपा रिटायर झाल्या. निरोपाच्या भाषणात सगळ्यांचे आभार मानले, माळ्याचे, बसच्या कंडक्टरचेसुद्धा. माझे नाही. मी मागं पाण्याचे ग्लास भरत होते, आणि मला परत राग आला. एवढं करूनसुद्धा रागावायला मन कसं धजावलं? कार्यक्रम आटोपल्यावर आपा मागं आल्या. माझे ओले हात धरले.

“तेरे को क्या शुक्रिया बोलूँ, कुसुम? घरवालों को बोलते क्या?”

आपल्यात तरी कुठं बोलतात? मी माझ्या आईला कधी म्हणलं का, तुझे आभार? बहिणीला म्हणलं? म्हणलं असतं तर तिनं ताट बाजूला सारलं असतं, मी काय परकी म्हणून. आभार परक्याचे. ही रीत मला माहीत नव्हती असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्याच घरातली रीत ती. माहीत असूनही मला छापलेलं नाव पाहिजे होतं.

तेव्हा तरी बोलायचं. हात त्यांच्या हातात होते. मी म्हणलं, आपा, जेवून घ्या, गार होतंय.

पुढं दोनदा खुलताबादला गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले, दोन्ही वेळा त्यांनी वाढलेलं जेवून परत आले. तिसऱ्यांदा गेले ती मातीला. बायकांत बसले. त्यांच्या भाचीनं मला ओळखलं, सगळ्यांना सांगितलं, ह्या आपांच्या कुसुमखाला, म्हणजे मावशी, आणि मला पुढं बसवलं. मी बसले पुढं.

तर तुझ्या फोनातला तो दोनचा आकडा, त्याला यंत्राची चूक म्हणू नकोस. ती अकरा आणि तुझे दोन, असे तेराचे दोन मी केले. आपांना लोकांनी वाचलं होतं गं. ज्या बाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि आपांनी विश्वास ठेवला, आणि तोच विश्वास घेऊन गेल्या. विचारलंस ना, लिहिणं का सोडलं? म्हणून सोडलं.

माफ कर म्हणत नाही. तुझ्याकडं ते मागायचं नाही, आणि ज्यांच्याकडं मागायचं त्यांच्या घरी जेवून आले.

आपांचं नाव असलेल्या त्या अकरातली चार पुस्तकं मला आठवतात. नावं नाही, बांधणी आठवते. एक तपकिरी, कडेला वाळवी खाल्लेली, भूगर्भवाल्यांच्या खोलीत खिडकीखाली. दोन हिरव्या कापडात, शेजारी शेजारी. एक लांबडं, इंजिनियरिंगचं. बाकीची सात काही केल्या डोळ्यापुढं येत नाहीत, ती गेली. तिकडं कॉलेजात जुनं सगळं रद्दीत काढायचं चाललंय म्हणे. मला आता एकटीनं तिथला जिना चढवत नाही, दोघींनी मिळून ती चार हुडकू. ये गं. राग आलेला असला तर राग घेऊन ये, पण लवकर ये.