एक वाजून दहा मिनिटं

माझ्या अंगात स्वस्थपणा पहिल्यापासून नाही. भाजी शिजेपर्यंत मी चारदा झाकण काढून बघणार. कल्याणच्या आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही हा वडिलांचा नियम खास माझ्यासाठीच आहे, असं मला वाटे.

तो व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण फिरवलं की आधी काचेमागे पिवळट उजेड पडायचा, मग आतून घुमल्यासारखा आवाज यायचा, आणि मग कुठे माणसं बोलू लागायची. तरी पुरता तापेपर्यंत लावलेलं स्टेशन हळूहळू सरकत राही. म्हणून वडील कार्यक्रमाच्या पाव तास आधीच तो सुरू करून ठेवत. अर्थिंगची तार अंगणातल्या तुळशीच्या मातीत पुरली होती. माती सुकली की खरखर वाढायची, तेव्हा आई तुळशीबरोबर रेडिओलाही पाणी घालते, असं मी तिला चिडवायची. घरामागून विजेचं इंजिन गेलं की मात्र इलाज नसे. गाडी जाईपर्यंत नुसता तडतडाट.

माझ्या थोरल्या बहिणीने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि ती मुंबईला गेली. वडिलांनी तिचा विषयच बंद केला. दीड वर्ष आईने तिचा आवाज ऐकला नव्हता. अशात एक दिवस शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. बुधवारी दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात, एक वाजून दहा मिनिटांनी ती अभंग म्हणणार होती. आईनेच तिला शिकवलेला अभंग.

वडील सकाळच्या शाळेत मास्तर होते, दीडला घरी येत. आले की टोपी खुंटीला अडकवायची आणि रेडिओच्या पेटीवर तळहात टेकवून बघायचं, कोमट तर नाही ना. आम्हा दोघींना त्या तळहाताची धास्ती. शेवटी आईनेच ठरवलं की रेडिओ आधी तापवायचा नाही. अगदी वेळेवर लावायचा, पाच मिनिटांत बंद करायचा आणि वारा घालून थंड करायचा. तिने हातपंखा काढून ठेवला आणि सकाळपासून तीनदा तुळशीला पाणी घातलं. मी घड्याळापुढून हलत नव्हते. जेवण गेलं नाही, दोनदा उगीच पाय धुऊन आले.

एक वाजून आठ मिनिटं झाल्यावर मी बटण फिरवलं. निवेदिका स्पष्ट ऐकू आली. मग ती पुसट होऊ लागली, मी काटा केसभर सरकवला, ती परत आली. पेटी आणि तंबोरा सुरू झाला. आई पदर तोंडाशी धरून रेडिओच्या अगदी जवळ बसली होती. आणि नेमकी तेव्हाच मागून गाडी आली. तडतडाट सुरू झाला. त्याच्या आत कुणीतरी गात होतं, पण शब्द लागत नव्हते. गाडी काय, अर्ध्या मिनिटात गेली असती. मला तेवढा दम निघेना. स्टेशनच सरकलं असणार असं वाटून मी काटा डावीकडे नेला, मग उजवीकडे. शिट्ट्या ऐकू आल्या, भलत्याच भाषेतल्या बातम्या आल्या. माझी बोटं घामाने निसटत होती. आईने हात पुढे केला होता, पण मी तिच्याकडे पाहिलंच नाही. गाडी केव्हाच निघून गेली होती आणि मी अजून शोधतच होते. स्टेशन सापडलं तेव्हा एक बाई आवळ्याचा मुरांबा सांगत होत्या.

आईने रेडिओ बंद केला आणि ती पेटीला वारा घालत बसली. वडील आले, त्यांनी पेटीवर हात ठेवला, मग पाटावर बसले आणि जेवले.

भांडी घासताना मला राहवेना. मी म्हटलं, “आई, गाडीच्या आवाजात काहीच कळत नव्हतं गं. मला वाटलं, नीट लागलं तर तुला ती स्वच्छ ऐकू येईल.”

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“तू काटा हलवलास ना, तेव्हा तीच गात होती,” ती म्हणाली. “मला ऐकू येत होतं गं.”