अप्पांचा ओळंबा

अप्पांना स्वतःची चूक कधी सापडली नाही, आणि दुसऱ्यानं शोधून दिली तर ते ती घेत नसत. नात्यानं माझे काका; मी गावच्या शाळेत शिक्षक. लोणखेड्यात केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी सुरतेहून साठेक वर्षं जुनी, दोन दारांची लाल इटालियन स्पोर्ट्स कार आणली, आणि गावात त्यांच्या तोडीचं कोणी उरलं नाही.

"कंपनीनं पुढच्या मॉडेलात सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा आतला जोड खाली घेतला," ते चहा विचारण्याआधी सांगत. "वळणावर गाडी कलते, बाहेरचं चाक उभं राहतं. आपणही तेच करणार."

आपण म्हणजे शहाद्याचा मेकॅनिक. त्यानं जोड नीट बसवला. चाकांचा कल मोजण्याचा मान मात्र अप्पांनी स्वतःकडे ठेवला. गाडी खळ्यावर, गवंड्याचा ओळंबा सालदार गुलाबच्या हातात, आणि पट्टी घेऊन अप्पा गुडघ्यांवर. देवळातही ते एवढे वाकत नसत.

गुलाब धडगावकडचा पावरा आदिवासी, बारा वर्षं त्यांच्याकडे. हळूच म्हणाला, "अप्पा, खयाले उतार शे. पानी वाही जावाले ठेयेल शे."

"तुले काय समजस इटलीनं? ओळंबा धर."

उतारावर सरळ केलेली चाकं सपाट रस्त्यावर एकाच बाजूला झुकली. गाडी डावीकडे ओढत ओढत कोणाच्या तरी केळीत शिरली. अप्पांना खरचटलंही नाही. "ओळंबा त्यानी वाकडा धरा," त्यांनी जाहीर केलं. ओळंबा वाकडा धरता येत नाही. तेवढ्यासाठीच तो असतो.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर होती. सालदाराच्या कामाचा वर्षाचा करार त्याच दिवशी ठरतो. अप्पांनी गुलाबला सांगितलं, यंदा दुसरं घर बघ. गुलाबनं खळ्याच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. ते थेट एका कडेला पळालं. अप्पांनी पाहिलं आणि घरात गेले.

अखाजीच्या सकाळी त्यांनी मला गुलाबच्या झोपडीवर पाठवलं. "सांग त्याले, कामवर ये." गुलाब मोटारसायकलवर गाठोडी बांधत होता.

"गुरुजी, चूक कोनी व्हती, ते बोलनात का अप्पा?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या." आणि बायकोला मागे बसवून तो डोंगराच्या वाटेला लागला.

मी परत येऊन त्याचा प्रश्न अप्पांना जसाच्या तसा सांगितला. ते खळ्याच्या उताराकडे बघत उभे राहिले. अप्पा मला कधी आवडले असतील, तर तेवढाच वेळ.

मग म्हणाले, "चूक मेकॅनिकनी व्हती, असं सांगी देवानं व्हतं."