दिवसाच्या झोपेतलं दार

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी फिजिक्सची पदवीधर, आणि बरीच वर्षं लोकांची झोप मोजायची नोकरी करते. "मेलेले सासरे छातीवर येऊन बसतात" म्हणणाऱ्या पेशंटना मीच समजावते, की कधीकधी जाग आधी येते आणि शरीर मागाहून सुटतं, त्या मधल्या वेळात मेंदू काहीही दाखवतो. त्यामुळे हे लिहिताना खरं तर लाज वाटतेय. पण इथे नाव द्यावं लागत नाही, म्हणून लिहिते.

सदाशिव पेठेत आमचं स्लीप सेंटर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका, मध्ये आम्ही. कॉरिडॉरच्या दोन टोकांना पेशंटच्या दोन खोल्या आणि मधोमध माझी, मॉनिटरची. खोल्यांमधलं मला स्क्रीनवर दिसतं, माइकवर ऐकू येतं. पण एका खोलीतला आवाज दुसरीत जात नाही. नंतर मी स्वतः ओरडून तपासलंय.

ज्यांना दिवसा फार झोप येते, त्यांची एक टेस्ट असते. रात्रभर झोप तपासायची, मग दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी त्यांना थोडा वेळ झोपायला सांगायचं. असं पाच वेळा. दर वेळी उठवून विचारायचं — झोप लागली का? स्वप्न पडलं का? काय पडलं, हे विचारायची गरज नसते. मी आपली हौसेनं विचारायचे.

कोविडच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी दोन्ही खोल्या भरलेल्या. एकीत रझिया मॅडम, शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या बाई. तीन वर्षांपूर्वी मिस्टर गेले, तेव्हापासून त्यांना एकच स्वप्न पडायचं : खोलीत एकट्या आहेत, कुणीतरी बाहेरून दार वाजवतंय, आणि उघडायची हिंमत होत नाही. त्या धास्तीनं रात्री झोपायच्या नाहीत आणि दिवसा बसल्याबसल्या पेंगायच्या.

दुसऱ्या खोलीत दत्ता. मांजरी गावचा, वय तिशीच्या आसपास, कॉलेजची बस चालवायचा. लोणी काळभोरजवळ भर सकाळी स्टिअरिंगवर डोळा लागला आणि बस दुभाजकाला घासली. पोरं वाचली. मालकानं सांगितलं, रिपोर्ट आण, मगच चावी मिळेल.

दोघांची भेट झालेली नव्हती. वायर लावणं, चहा, जेवण, सगळं आपापल्या खोलीत.

पहिल्या झोपेनंतर दत्ताला विचारलं.

"पडलं की सपान. कुणाचं तरी दार वाजवत हुतो. कुणी उघडंना."

मी हसले. दारं काय, सगळ्यांच्याच स्वप्नात येतात.

दुसऱ्या झोपेनंतर रझिया मॅडम म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तो बोलला. 'बाई, लांबून आलोय, उन्हाचं उभं ऱ्हावंना,' म्हणाला. गावाकडची बोली होती, बेटा."

मी दत्ताकडे गेले. काही सुचवलं नाही, फक्त नेहमीचा प्रश्न विचारला. तो कानशिलावरची वायर खाजवत म्हणाला, "तेच दार, ताई. म्या म्हणलं, बाई, लांबून आलोय, उन्हाचं उभं ऱ्हावंना. आत कुणीतरी हाय, पर कडी काढंना."

मॅडमचं टिपून घेतलेलं वाक्य मी पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द तेच.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते आमच्या पेठेतलेच, जन्मापासून. म्हणाले, "फॉर्मवर 'स्वप्न : हो' एवढंच लिहायचं असतं. कादंबरी लिहायची असेल तर सुट्टी घ्या."

तिसऱ्या झोपेत दोघंही गाढ. स्क्रीनवर दोघांच्याही हनुवटीच्या स्नायूंची रेघ सपाट, डोळ्यांच्या रेघा नुसत्या धावतायत, म्हणजे स्वप्न चालू. उठल्यावर मॅडम रडत होत्या. "अजून उभाच आहे गं तो. मला त्याची दया येते, पण भीती वाटते."

आणि मी बोलून गेले, "मग एकदा उघडून बघा ना, मॅडम. स्वप्नच तर आहे."

का बोलले? त्यांची भीती जावी म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय. खरं कारण हे, की मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

चौथ्या वेळी दत्ताला झोप लागलीच नाही. मॅडमना लागली. उठल्या त्या शांत चेहऱ्यानं. "उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. मी चालत बाहेर आले... किती मोकळं वाटलं म्हणून सांगू!"

पाचव्या वेळी उलटं झालं. मॅडम टक्क जाग्या, दत्ता मिनिटभरात गाढ. डोळ्यांच्या रेघा पुन्हा धावायला लागल्या. मग नाडीही वाढायला लागली. इतकी, की मी खुर्ची पुढे ओढली. वेळ संपायला अजून अवकाश होता. मध्येच उठवलं तर टेस्ट वाया जाते, म्हणून थांबले.

तेवढ्यात दुसऱ्या खोलीच्या माइकवर मॅडमचा आवाज आला. स्क्रीनवर त्या उठून बसल्या होत्या, कॅमेऱ्याकडेच बघत.

"बेटा, त्याला उठव. तो आत गेलाय. दार लागलंय."

मी धावले. खांदे हलवले, हाका मारल्या, गालावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "दार उघडं दिसलं म्हनून आत शिरलो... मागनं कडी लागली, ताई. बाहेर कुणी हाय का? म्या लई वरडलो."

दत्ताच्या रिपोर्टमध्ये झोपेचा आजार निघाला. बस सुटली ती कायमची. मालकानं त्याला कॉलेजच्या स्टोअरमध्ये घेतलं, तेवढं बरं झालं. रझिया मॅडम महिन्याभरानं पेढे घेऊन आल्या. ते स्वप्न पुन्हा पडलं नव्हतं, रात्री सलग सात तास झोपत होत्या. पाचव्या वेळचं त्यांना विचारलं. "मी असं म्हणाले?" त्या खरंच गोंधळल्या. रेकॉर्डिंग मात्र आहे. डॉक्टरांनीही ऐकलं, दोनदा. त्यानंतर त्यांनी टोमणा मारला नाही, एवढंच.

दत्ता दर सहा महिन्यांनी औषधं लिहून घ्यायला येतो. गोळ्यांनी दिवसाची झोप आटोक्यात आहे. मागच्या वेळी डॉक्टरांकडून निघताना माझ्या दाराशी थांबला.

"ताई, ती खोली अजून दिसती. रोज. आत म्या एकलाच बसल्याला असतो."

"मग कुणी दार वाजवतं का?" मी विचारलं.

"न्हाई ना. तेचीच तर वाट बगतोय."

त्याला त्या खोलीतून बाहेर कसं काढायचं, ते तेव्हापासून शोधतेय. पुस्तकं चाळली, परगावच्या दोन तज्ज्ञांना नावं न सांगता विचारलं. एक हसले, दुसऱ्यांनी विषय बदलला. तुमच्यापैकी कुणाला काही माहीत असेल तर जरूर सांगा. मला कुतूहल म्हणून नको आहे. पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे.