अवधान कुठंय?

आमच्या घराण्यात आजवर कुणाचंही लग्न पायाच्या अंगठ्यामुळे अडलेलं नव्हतं. तो मान माझा.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब. पाऊस मात्र जुन्याच सवयीनं गैरहजर. आम्ही उदगीरचे. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, धान्याच्या मोंढ्यात आडतीचं दुकान, घर चांगलं, मुलगा (म्हणजे मी) दिसायला बरा, निदान आईच्या मते. तरी स्थळं यायची आणि आमच्या कोरड्या नळाकडं बघून परत जायची. "उदगीरला पोरगी द्यायची म्हंजे घागर देऊन रांगेत उभी करायची!" असं लोक तोंडावर म्हणत. शेवटी लातूरचं एक स्थळ आलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, नाव महानंदा. वडील पुण्यात वाढलेले, शिक्षण खात्यात साहेब, बदलीनं नव्या जिल्ह्यात आलेले. मी फोटो पाहिला आणि मला जेवण जाईना. हेही स्थळ मोडलं तर सरळ मठात जाऊन राहायचं, असं मी ठरवून टाकलं.

बघायला जायच्या आदल्या दिवशी गल्लीत टँकर आला. मी घागर घेऊन धावलो आणि टँकरच्या आधी दगडापाशी पोचलो. अंगठ्याचं नख उखडलं. (घागरही चेपली. आई आधी तिच्याकडं धावली.) सकाळी उठतो तो डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ! पाय उचलला की डोळ्यांत पाणी. घरात तेवढंच काय ते पाणी मुबलक होतं.

गंगाआत्यानं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, लुंगीवरूनच बोट दाबून निदान केलं.

"अवधान आलंय. पायाला लागलं की जांघेत अवधान येतंच. घाबरून कशाला राहिलास?"

(पुस्तकी मराठीत अवधान म्हणजे लक्ष. आमच्याकडं ते जांघेत येतं.)

"अगं आत्या, आज मुलगी बघायला जायचंय!"

"मग? जांघ दाखवायला चाललास का?"

तिनं चुना आणि गूळ कालवला, गरम केला आणि गाठीवर थापला. यानं गाठ बसते म्हणे. गाठीचं माहीत नाही, मला मात्र बसता येईना. धुवून टाकावं तर पाणी नाही. त्यावरच नवी पँट चढवली आणि आम्ही तिघं, अप्पा, आत्या आणि मी, एसटीनं लातूरला निघालो. वाटेत उन्हानं लेप पाझरायला लागला.

साहेबांच्या घरी सतरंजीवर डावा पाय लांब करून बसलो. पोहे आले. मागोमाग महानंदा आली. फोटोवाल्यानं तिच्यावर अन्याय केला होता, एवढं मला कळलं आणि त्याच क्षणी पहिली मुंगी चावली. दुष्काळात मुंग्यांचेही हालच असणार. घरबसल्या गूळ आला म्हटल्यावर त्या मुंगीनं सगळ्या नातेवाइकांना आवतण धाडलं.

साहेबांनी घसा साफ केला. "आडतीच्या धंद्याचं कसं काय?"

"चावतंय."

"काय?"

"चालतंय! बरं चालतंय!"

साहेबांनी चष्मा काढला. "चिरंजीव, आपलं अवधान कुठं आहे?"

यांना कसं कळलं? मी अप्पांकडं बघितलं, अप्पांनी छताकडं. आत्या मात्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी बाई.

"जांघेत हाय! डाव्या!"

साहेबांनी चष्मा परत चढवून आत्याकडं बघितलं.

"जांघेत?"

"हाव. सकाळधरनं आलंय. लई मोठं हाय, पण चुना-गूळ थापलाय की मी!"

"अवधानावर चुना-गूळ? आणि त्यानं अवधान येतं?"

"येत न्हाई वो, जातंय!"

"म्हणजे मुलाला अवधान राहतच नाही?"

"दोन रोजात बिल्कुल राह्यचं न्हाई. जबान देते!"

साहेब उठून उभे राहिले. "माफ करा, हे काही जमेलसं दिसत नाही." अप्पांनी टोपी उचलली. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. पाण्यावरून मोडलेली स्थळं मी सोसली होती, पण मराठीवरून?

तेवढ्यात महानंदा खुदकन हसली. "बाबा, थांबा. ते वेगळं अवधान." मग माझ्याकडं वळून, "पायाला लागलंय ना?"

मी अंगठा पुढं केला.

"ही लसीका ग्रंथी सुजलीय, बाबा. जखमेतले जंतू पुढं रक्तात शिरू नयेत म्हणून ती त्यांना वाटेतच अडवते. जकात नाकाच समजा. सुजली म्हणजे आत झुंज चालू आहे. प्रतिकारशक्ती चांगली दिसते यांची."

माझं एवढं कौतुक कुणी कधीच केलं नव्हतं. मी कृतज्ञतेनं काहीतरी बोलणार, तोच मुंग्यांनी नाका ओलांडला! मी किंचाळलो आणि साहेबांच्या बशीवरून पलीकडं उडी मारली.

"महादेवा! पोराला झटका आला!" आत्या ओरडली.

"झटका नाही, मुंग्या! तुझा गूळ!"

महानंदानं न्हाणीकडं बोट दाखवलं आणि मागोमाग भरलेली कळशी आणून दाराशी ठेवली. आतून तिच्या आईचा दबका आवाज आला, "अगं, घरात तेवढंच आहे. टँकर परवा येणार."

"असू दे, आई."

ते पाणी अंगावर ओतताना मला खरंच भरून आलं. ज्या गावात पाणी नाही म्हणून मुली नको म्हणत, त्या गावच्या मुलासाठी हिनं घरातली शेवटची कळशी रिती केली होती. बाहेर आलो तेव्हा साहेब हसत होते आणि अप्पांनी टोपी परत खाली ठेवली होती.

लग्न झालं, वर्षं लोटली. माझं बोलण्याकडं लक्ष नसलं की महानंदा अजूनही चारचौघांत विचारते, "अवधान कुठंय?" आणि मी निमूट सरळ बसतो. बी.एस्सी.ला तिला चांगले मार्क होते म्हणे, पण त्या दिवशी माझ्याबद्दलचं तिचं निदान साफ चुकलं. कसली प्रतिकारशक्ती? तिच्यापुढं ती आजवर एकदाही चाललेली नाही!