दुसरी कॅसेट आधी

प्रभाकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. "काका गेले गं," मंदाकाकू एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना झाला. काका म्हणजे माझ्या बाबांचे मित्र. दोघेही इंजिनिअर, अमेरिकेतल्या एडिसन गावात आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे त्यांचं घर. त्यांच्याविषयी लोक पुष्कळ चांगलं सांगतील, आणि ते खरंच असेल. मला मात्र एकाच शनिवारची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला घेतली की अजूनही आनंदाने माझा आवाज चढतो.

ऐंशीच्या दशकात दर शनिवारी दुपारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये चार-पाच मराठी कुटुंबं जमायची. घरोघरचे डबे, मोठ्यांना सोफा, आम्हा मुलांना कार्पेट, आणि इंडियन दुकानातून भाड्याने आणलेला हिंदी सिनेमा. तो इतका लांब असायचा की त्याला दोन कॅसेटी लागायच्या. संपला की सगळे म्हणायचे, "छान होता." कसाही असो. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या सिनेमाला नावं कशी ठेवायची? शिवाय तो भारतातून आलेला, म्हणजे आजीने तिकडून पाठवलेल्या लाडवांच्याच पंगतीतला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मला यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, सिनेमे सगळे चांगलेच असतात. मला कंटाळा येतो कारण मला हिंदी नीट येत नाही, म्हणजे मीच काही यांच्यातली नाही. ही धास्ती मी कुणालाही सांगितली नव्हती. सगळे हसले की मी हसायची, बायका डोळे पुसू लागल्या की मीही नाक ओढायची.

त्या शनिवारी सिनेमा काकांकडे होता. सुरुवातीलाच नायक भर कोर्टात एका म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडला. "स्टार्टच जबरदस्त आहे," बाबा म्हणाले. मग मारामारी झाली, खलनायक कड्यावरून पडून मेला आणि कॅसेट संपली. दुसरी लावली, तर नावं दिसायला लागली, नायक पाळण्यात, आणि खलनायक ठणठणीत. "फ्लॅशबॅक," बाबा ठामपणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दीड तासाने नायक घर सोडून निघाला आणि पडदा काळा झाला. "एंडिंग आर्टिस्टिक होतं," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळे म्हणाले, छान होता.

चहा देता देता काकांनी मला विचारलं, "मिनू, तुला आवडला?" मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी 'छान' म्हणायला गेले आणि रडूच फुटलं. "आय डोन्ट नो, काका. व्हाय आर द टायटल्स इन द मिडल? मला हिंदी येतच नाही."

काकांनी कॅसेट बाहेर काढून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत हसत खालीच बसले. "अरे, आपण दुसरी आधी लावली. एवढ्या जणांत एकालाही पत्ता लागला नाही." बेसमेंटभर हसू पसरलं. मी डोळे पुसत विचारलं, "मग नीट लावला तर चांगला होईल?"

काका माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "नाही गं. सरळ लावला तरी वाईटच आहे. तुझ्या हिंदीचा काही दोष नाही, सिनेमाच वाईट आहे."

सिनेमा वाईट असू शकतो... मोठमोठ्या माणसांनी काढलेला, भारतातून आलेला, तरी वाईट. आणि मी ठीक असू शकते. मला इतका आनंद झाला की मी सोफ्यावरच चढले आणि विचारत सुटले. सख्खा भाऊ नुसती मिशी लावून आला तर बहीण ओळखत कशी नाही? पोलिस तळघर का बघत नाहीत? काका एकेका प्रश्नाला टाळी देत होते. शेवटी बाबांनीही कबूल केलं की पहिल्या गाण्यालाच त्यांचा डोळा लागला होता. त्यानंतरचे कितीतरी शनिवार काका आणि मी सिनेमा संपायची वाटच बघत असायचो, कारण खरी मजा त्याच्या पुढे असायची. आणि हसायच्या आधी मी इतरांची तोंडं बघणं सोडून दिलं.

परवा काकूंकडे गेले होते. शोकसभेसाठी त्यांच्या भाच्याने काकांच्या फोटोंचा व्हिडिओ केला होता, तो त्यांनी बेसमेंटमध्ये लावून दाखवला. गुलाबाच्या पाकळ्या उडत होत्या, व्हायोलिन रडत होतं, आणि काका एका चांदणीतून गरगर फिरत बाहेर येत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या. "खरं सांग, कसा झालाय?"

भाच्याने जीव ओतून केला होता, हे दिसत होतं. पण त्या घरात 'छान' म्हणणं मला जमलं नाही. "फार वाईट झालाय, काकू."

काकू हसायला लागल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच हसत असाव्यात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "परत लाव. ह्यांनी एकदा बघून सोडला नसता."

आम्ही तो पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी काकूंनीच आधी सुरुवात केली... "ती चांदणी कशाला?"