ताठ चाकांचा फिदेन्सिओ

फिदेन्सिओबद्दल बोलायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, समोरच्या ताटातला घास घशाखाली उतरू नये इतका. माझी बायको ग्रासिएला म्हणते, "चांगलं बोल त्याच्याबद्दल." चांगलंच बोलणार आहे. त्याला इलाज नाही.

तो माझा कंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलीचा, इत्सेलचा, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला त्यानेच हातावर धरलं होतं. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली वोचो, म्हणजे कासवाच्या पाठीची ती छोटी मोटार, दुरुस्त करायला शिकलो. पुढे तो सीमा ओलांडून कॅलिफोर्नियात गेला आणि अकरा वर्षं एका गॅरेजात राबला. मी इथेच, कुआउतेपेकच्या डोंगरावर राहिलो. जाणाऱ्याबद्दल लोक गाणी गातात, राहणाऱ्याला विचारतं कोण?

पण मीही काही रिकामा बसलो नव्हतो. आमच्या डोंगराच्या उतारांवर बस चढत नाही, वोचो चढते. मालकीणबाई, म्हणजे आमच्याकडे दोन्या, ओब्दुलियाच्या टॅक्सी अड्ड्यावर चाळीस वोचो आहेत. ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकायची, तिथे दोन बुटकी स्टुलं, मागे चौघं, मांडीवर पिशव्या, आणि चला वर. इतकं ओझं घेतलं की गाडीचं बूड रस्त्याला घासतं. म्हणून आम्ही मागचा पीळदार दांडा सोडवतो, त्याच्या टोकाला दाते असतात, ते एक दात वर फिरवून पुन्हा बसवतो. गाडी मागून उचलली जाते. रिकामी असली की मागची चाकं खालून आत वळतात, फेंगड्या पोरासारखी, कारण आमच्या गाड्यांच्या मागच्या आसाला प्रत्येक बाजूला एकच सांधा. चाक खाली गेलं की झुकणारच. सहा माणसं बसली की तेच चाक सरळ उभं राहतं. रिकाम्या गाडीची चाकं बघून सहा माणसं बसल्यावर ती कशी उभी राहील ते ओळखायचं, ही माझी विद्या. अड्ड्यावरचे लोक म्हणायचे, "दात नाबोरनेच बसवावा." ते ऐकलं की मला मूठभर मांस चढायचं.

आणि मग एक्क्याण्णव साली फिदेन्सिओ लाल गाडी घेऊन परत आला.

गाडी वोचोच होती, आमच्या गाड्यांहून वीस वर्षं जुनी. पण ती अमेरिकेत विकायला बनवलेली. तिकडे पाठवायच्या गाड्यांच्या मागच्या आसाला प्रत्येक बाजूला दोन सांधे. चाक वर जावो, खाली जावो, ताठच्या ताठ. एकाच आईची लेकरं, पण एकाला साय आणि दुसऱ्याला ताक. मी हात पुसत पुसत तिच्याखाली शिरलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. बघायचं होतं हे खरं. पण बाहेर येऊन तोंड काय करायचं, तेही सुचत नव्हतं.

"कसं वाटलं, कंपाद्रे?" फिदेन्सिओने विचारलं.

"चार सांधे," मी म्हणालो. "म्हणजे बिघडायला चार जागा."

तो हसला. त्याच्या हसण्यात कुजकेपणा नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं.

आठवडाभरात सगळा अड्डा त्याच्या दारात. "नाबोर, त्या टाकीजवळच्या वळणावर ती गाडी बूड हलवत नाही रे!" "माझी सासू बसली होती, एकदा पण देवाचं नाव घेतलं नाही!" इत्सेल तेव्हा नर्सिंग शिकत होती. रोज सकाळी धर्मपित्याच्या गाडीतून खाली जायची. ग्रासिएला तर कहरच. "किती नेटका माणूस आहे, नखंसुद्धा स्वच्छ." माझ्या नखांना वीस वर्षं वंगण, ते कुणासाठी?

मग दोन्या ओब्दुलियाने मला बोलावलं. फिदेन्सिओ बाजूला बसलेला होता.

"नाबोर, हा म्हणतो, तिकडच्या भंगारातून असे आस आणता येतील. हळूहळू चाळीसही गाड्यांना बसवू. तुझं काय म्हणणं?"

"आणा की. नाकाने कांदे सोलायचेच असतील तर सोला."

"तोंड सांभाळ. मी कुणाच्या बाजूची नाही. शनिवारी बाजार सुटला की दोघं आपापली गाडी घ्या. सहा-सहा बाया, त्यांच्या टोपल्या, आणि डोंगरमाथ्यावरच्या क्रुसापर्यंत. ज्याची गाडी बरी चालेल, चाळीस गाड्यांचं काम त्याचं."

म्हणजे माझं सगळंच पणाला लागलं. अड्डा गेला तर मी काय करणार होतो, सायकलींचे पंक्चर?

शुक्रवारी दुपारी फिदेन्सिओ माझ्या घरी आला. आम्ही जेवत होतो. ग्रासिएलाने त्याला त्लाकोयो, मक्याच्या पिठाचे जाड सारण भरलेले रोट, वाढले, वर निवडुंगाची भाजी. त्याने दोन खाल्ले, तिसऱ्याला नाही म्हणाला, आणि मग टोपी मांडीवर ठेवून अवघडल्यासारखा बोलला.

"कंपाद्रे, एक विचारायचं होतं. सहा माणसं बसवून बघितली, बूड घासतं. तिकडे मी इंजिनंच उघडली रे. तिकडे कोण सहा माणसं कोंबतंय? पिळाच्या दांड्याला कधी हातच लावला नाही. किती दात वर घेऊ?"

सांगा, चढाओढीच्या आदल्या दिवशी माझ्या घरी येऊन कोण विचारतं? ज्याला आपल्या गाडीची खात्री असते तो. मला तर तसंच वाटलं. त्या दिवशी गाडीखाली पडून मी ते सांधे नीट पाहिले होते. थोड्या कोनात ते खुशाल फिरतात. एक दात चालला असता. दोन दिले तर रिकाम्या गाडीत ते अडकतात, घासतात, आणि कधीतरी सुटतात. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण पाहिल्यावर कळलं होतं. विद्या होती ना माझी.

"दोन," मी म्हणालो. "तुझी गाडी जड आहे."

"दोन? मागून कोंबडीसारखी वर येईल."

"माणसं बसली की खाली बसते. मला शिकवतोस का?"

"नाही रे बाबा. तू म्हणतोस तर दोन." त्याने ग्रासिएलाचे आभार मानले आणि गेला. ती भांडी उचलत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी माझी गाडी आधी गेली. वळणावर बाया किंचाळल्या, एकीचे टोमॅटो सांडले, पण पोचलो. मग लाल गाडी आली. भरलेली होती, त्यामुळे बूड जिथे हवं तिथे, चाकं ताठ. वर क्रुसापाशी ती अशी आली की बाया उतरायलाच तयार नव्हत्या. टाळ्या पडल्या. कुणीतरी फिदेन्सिओला पुल्केचा, आमच्या पांढऱ्या ताडीचा, पेला दिला, तो म्हणाला, "आधी गाडी खाली लावून येतो." मला वाटलं, संपलं. दोन दातांनी काही झालं नाही, माझा पापीपणाही फुकट गेला.

तो एकटाच गाडी घेऊन खाली निघाला. रिकाम्या गाडीचं बूड हवेत. आम्ही मागून बघत होतो. टाकीच्या वळणाच्या अलीकडे टकटक ऐकू आली, मग धाडकन. उजवा सांधा सुटला होता. सुटलेला आस गरागरा फिरला आणि त्याने ब्रेकची नळी फाडली. गाडी वेग धरू लागली. फिदेन्सिओने ती बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. वळणावर तेव्हा दुसरी गाडी नव्हती, हे नशीब. ते नशीब माझंच म्हणायचं.

मी धावलो. सगळ्यांच्या आधी पोचलो. तो स्टीअरिंगवर वाकलेला, उजवं मनगट भलतीकडे वळलेलं. "कंपाद्रे, गाडी बंद कर," तो म्हणाला. मी किल्ली फिरवली.

दवाखान्यात इत्सेलच होती, शिकाऊ म्हणून तिची ड्युटी होती. तिने त्याचा हात उशीवर धरला, डॉक्टर प्लास्टर करत होते. दोन्या ओब्दुलिया कमरेवर हात ठेवून उभी.

"दात कुणी बसवले? आणि किती?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं.

"मीच," फिदेन्सिओ म्हणाला. "दोन दिले. नाबोरने एकच सांगितला होता. मला वाटलं, मी तिकडून आलेला शहाणा."

दोन्या ओब्दुलियाने मान हलवली. "हात दाखवून अवलक्षण. बघ, नाबोर, म्हणून मी म्हणते, जुनं ते सोनं. चाळीस गाड्या तुझ्या."

"बरं," मी म्हणालो.

ग्रासिएला दाराशी उभी होती. शुक्रवारचं तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याजवळून गेली आणि त्याच्या डाव्या हातात कॉफीचा पेला दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इत्सेल मात्र माझ्याकडे बघून हसली. बापाला चाळीस गाड्या मिळाल्या, याचा आनंद होता तिला. तिच्या डोळ्यांत मी प्रामाणिक माणूस होतो, वेळेवर बरोबर सल्ला दिलेला.

प्लास्टर वाळेपर्यंत सगळे बाहेर गेले. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो.

"मी मुद्दाम दोन सांगितले, ते तुला कळलं होतं," मी म्हणालो.

"वर बाया उतरल्या तेव्हाच. रिकाम्या गाडीच्या आसाचा कोन बघितला वाकून. म्हटलं, हळू हळू उतरवू."

"मग खोटं का बोललास? सांगायचं ना सगळ्यांना. थुंकले असते माझ्या तोंडावर, बरं झालं असतं."

त्याने प्लास्टरचा हात उशीवर जरा वर सरकवला.

"इत्सेल हात धरून उभी होती रे," तो म्हणाला. "तिच्यासमोर कसं सांगू?"

त्या क्षणी मला त्याचा जो हेवा वाटला, तसा लाल गाडीचा कधी वाटला नव्हता. मुलगी माझी होती, आणि तिचा विचार त्याने केला होता.