मॅडमच्या टेबलावरची भाषा

कुवेतच्या आमच्या हॉस्पिटलात ती नर्सिंग डायरेक्टर होती, कोलंबियाहून आलेली. वॉर्डात फक्त इंग्रजी बोलायचं, हा नियम तिचाच. मल्याळी पोरी त्यावरून धुमसायच्या.

कँटीनमध्ये मात्र जिची तिची भाषा, जिचं तिचं टेबल. स्पॅनिश बोलणारी ती एकटी आणि मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून आम्ही समोरासमोर बसायचो. खुबूस रोटीचा पहिला तुकडा ती बशीच्या कडेला काढून ठेवायची आणि तो शेवटपर्यंत तसाच राहायचा.

एकदा जेवताना घरून फोन आला, आईला आयसीयूत हलवलं होतं. मी मॅडमला इंग्रजीत सांगायला लागले, तर तिने हात वर केला.

"इथे माझा नियम नाही. तुझ्या भाषेत बोल."

"पण मॅडम, तुम्हाला कळणार नाही."

"म्हणूनच बोल."

मी मराठीत बोलले, रडले. मग ती स्पॅनिशमध्ये बोलू लागली, हळू, त्या तुकड्याकडे बघत. एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं. मी मान हलवत राहिले.

आई बरी झाली. मॅडमचा करार संपला, ती गेली. ते नाव मला अजून पाठ आहे. ते मुलाचं की गावाचं, हे विचारायचं तेवढं राहिलं.